तिथीपासून रविवारापर्यंत : आपल्या गावाच्या सुट्टीचा छोटासा इतिहास

संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी लेख लिहावयाचा म्हटल्यावर प्रथम आठवते ते दप्तर. कीर्द, खतावणी, सभांचे इतिवृत्त, ठरावांची वही, देणगीच्या पावत्यांची स्थळप्रत. पन्नास वर्षांचा व्यवहार त्यात नोंदलेला असतो. शिखराच्या कळसासाठी कोणी किती दिले, सभामंडपाची फरशी कोणत्या साली बसली, हे सारे तेथे सापडते. मात्र त्या फरशीवर रविवारी सकाळी पाय घसरून किती मुले पडली आणि त्यांना पाहून किती आज्या हसल्या, याची नोंद कोणत्याच वहीत नसते. हिशेबनिसाने ती ठेवावी अशी अपेक्षाही नाही. तरीपण आपला समाज पन्नास वर्षे एकत्र राहिला, तो केवळ ठरावांमुळे राहिला असे म्हणता येणार नाही. मंदिराच्या ओट्यावर, रेल्वेच्या डब्यात आणि रोडग्यांच्या पंगतीत जो मोकळा वेळ आपण एकमेकांबरोबर घालविला, त्याचाही त्यात मोठा वाटा आहे. त्या मोकळ्या वेळेचा इतिहास थोडक्यात मांडण्याचा हा नम्र प्रयत्न आहे.

तिथींचा आठवडा

अंजनगाव सुर्जीचे नाव भारताच्या इतिहासात एका तहामुळे नोंदले गेले. ३० डिसेंबर १८०३ रोजी दौलतराव शिंदे आणि इंग्रज यांच्यात येथे तह झाला. असई आणि अडगाव येथील लढाया होऊन गेल्या होत्या, गाविलगडही पडला होता. तो दिवस शुक्रवारचा होता. आजच्या भाषेत बोलावयाचे तर सप्ताहांत तोंडावर आला होता. पण शहानूर नदीच्या दोन्ही तीरांवरील त्या वेळच्या अंजनगावकरास आणि सुर्जीकरास ही कल्पनाच परकी होती. वार सर्वांना ठाऊक होते, ते बाजारासाठी आणि उपवासासाठी. सुट्टीसाठी वार नव्हता.

मग विसावा कधी मिळे? शेतकऱ्याला तो पोळ्याला आणि अक्षय्य तृतीयेला मिळे, व्यापाऱ्याला दिवाळीच्या वहीपूजनानंतर मिळे. जैन घरांत मात्र याशिवाय आणखी एक वेळापत्रक चालत असे, ते तिथींचे. प्रत्येक पक्षातील अष्टमी आणि चतुर्दशी हे आपले पर्वदिवस. आचार्य समंतभद्रांच्या रत्नकरंड श्रावकाचारात प्रोषधोपवासाचे व्रत याच तिथींना सांगितले आहे. गंमत अशी की, दोन पक्षांचे मिळून हे पर्वदिवस महिन्यात चार येतात, म्हणजे रविवारांइतकेच! अष्टमीपासून चतुर्दशी सहा तिथींवर आणि चतुर्दशीपासून पुढची अष्टमी नऊ तिथींवर. आठवडा थोडा लंगडा चालतो एवढेच. संसारातून मधूनमधून बाजूला होऊन स्वतःकडे पाहावे, ही व्यवस्था आपल्या पूर्वजांनी इंग्रजी रविवार येण्याच्या कितीतरी आधी करून ठेवली होती.

फरक एकच, पण मुलांच्या दृष्टीने तो फारच मोठा होता. रविवार म्हणजे खाण्याचा दिवस आणि चतुर्दशी म्हणजे न खाण्याचा. त्या दिवशी हिरवी भाजी वर्ज्य, फळेही वर्ज्य. आणि हे कोठे? ज्या गावाची कीर्ती विड्याच्या पानांनी दूरदूर नेली त्या गावात! बारी समाजाने पिढ्यानपिढ्या जोपासलेले पानमळे, त्यांच्या जोडीला पानपिंपरी, केळी आणि संत्री. अशा गावातील आपले ज्येष्ठ चतुर्दशीच्या दिवशी पानाच्या दुकानावरून जाताना मान दुसरीकडे वळवीत. सुपारीचे खांड तोंडात धरून ते पानाची आठवण काढीत आणि पौर्णिमेची वाट पाहात, असे जुनी मंडळी हसून सांगत.

हसतखेळत धर्म

येथे एक गोष्ट मुद्दाम सांगावीशी वाटते. धर्म म्हणजे गंभीर चेहरा, अशी आपल्यापैकी काहींची समजूत असते. आपल्या परिसराचा इतिहास मात्र वेगळे सांगतो. चितोड सोडून अचलपुरास आलेल्या हरिषेण नावाच्या जैन कवीने विक्रम संवत १०४४, म्हणजे इसवी सन ९८८ मध्ये, ‘धम्मपरिक्खा’ हा अपभ्रंश भाषेतील ग्रंथ रचला. डॉ. आ. ने. उपाध्ये यांच्यासारख्या थोर संशोधकाने त्याचा अभ्यास केला आहे. या ग्रंथात मनोवेग आणि पवनवेग हे दोन मित्र आहेत. सभेत जाऊन एकाहून एक अचाट कथा सांगावयाच्या आणि ऐकणाऱ्यास विचार करावयास लावावयाचे, अशी त्याची रचना आहे. श्रोता आधी हसतो आणि मग विवेकाला लागतो.

आपल्या गावापासून अवघ्या काही कोसांवर, हजाराहून अधिक वर्षांपूर्वी, जैन कवीने विनोदाच्या वाटेने सम्यक्त्व सांगितले. तेव्हा मंदिराच्या ओट्यावर चालणाऱ्या थट्टामस्करीला निदान वंशावळ तरी चांगली आहे!

रविवार आला कसा

रविवार आपल्याकडे कचेरीतून आणि शाळेतून आला. १८५३ साली निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केले. त्यानंतर न्यायालये, तहसील, टपाल आणि शाळा यांचे जाळे वाढले आणि त्यांच्याबरोबर त्यांची सुट्टीही आली. मुंबईत गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळावी म्हणून नारायण मेघाजी लोखंडे यांनी चळवळ केली आणि १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी ती मान्य केली. आज आपण ज्या रविवारी उशिरा उठतो, त्याच्या मागे अशी कष्टकऱ्यांची मागणी उभी आहे, याचे स्मरण ठेवणे उचित ठरेल.

व्यापारी पेठेत मात्र रविवार सहजासहजी शिरला नाही. कापसाच्या हंगामात वार कोण पाहतो? बाजाराच्या दिवशी तर दुकानाच्या पायरीवरून उठण्याची सोय नसे. दुकाने आणि आस्थापनांचे कायदे आल्यावर आठवड्यातून एक दिवस फळ्या लावणे भाग पडू लागले. पुढे घरातील मुले शाळेत जाऊ लागली, मुली शिकू लागल्या. सीताबाई संगई यांचे नाव ज्या शिक्षणसंस्थेस लाभले आहे, त्या संस्थेच्या शाळांतून गावाच्या किती पिढ्या शिकून बाहेर पडल्या! (‘संगई’ या आडनावातही ‘संघपती’ दडलेला आहे, म्हणजे यात्रेचा संघ काढून नेणारा.) मुलांचे वेळापत्रक घराने स्वीकारले आणि रविवार मागच्या दाराने जैन घरांत आला.

तिथी आणि वार यांची खरी गाठ पडली ती भिंतीवरील दिनदर्शिकेत. ‘कालनिर्णय’ १९७३ साली निघाले आणि लवकरच मराठी घरांतील खिळ्यावर जाऊन बसले. त्यात रविवार लाल रंगात आणि त्याच चौकटीत बारीक अक्षरात तिथी. नव्या वर्षाचे पान उलटताच घरातील मुले पहिली गोष्ट पाहात ती ही, की यंदा किती रविवारी चतुर्दशी येते. ज्या रविवारी ती येई, त्या रविवारी आई मुगाची डाळ, पापड आणि कढी करी. मुले ताटाकडे पाहून म्हणत, “हा रविवार फुकट गेला.” त्यावर आजी म्हणे, “फुकट कसा गेला? पुण्यात जमा झाला.” व्यापाऱ्याच्या घरचे उत्तर!

मुक्तागिरीचा सूर्यास्त

आपल्या भागातील कौटुंबिक सहलीचे पहिले नाव म्हणजे श्री सिद्धक्षेत्र मुक्तागिरी. सातपुड्याच्या कुशीत, धबधब्याच्या सान्निध्यात बावन्न मंदिरे. हे क्षेत्र आज मध्य प्रदेशातील बैतूल जिल्ह्यात आहे. राज्यांच्या सीमा बदलल्या, पण वऱ्हाडातील जैनांसाठी ते घरचे अंगणच राहिले. आपले गाव १९५६ च्या १ नोव्हेंबरपर्यंत मध्य प्रदेशातच होते. त्यानंतर विदर्भ मुंबई राज्यात आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात आला. देवदर्शनास परराज्यात जावे लागते, हे नवल आपल्याला तेव्हापासूनचे.

कार्तिक पौर्णिमेची यात्रा ही मोठ्यांची. मुलांची यात्रा मात्र हिवाळ्यातील एखाद्या रविवारची. पूर्वी छकडे आणि दमण्या जुंपून लोक जात. मुर्तिजापूर ते अचलपूर ही ७६ किलोमीटरची छोट्या रुळांची गाडी सुरू झाल्यावर अंजनगाव स्थानकावरून अचलपूर गाठता येऊ लागले. हीच आपली ‘शकुंतला’. १९९४ मध्ये तिचे वाफेचे इंजिन जाऊन डिझेलचे आले, तरी वेगाच्या बाबतीत तिने स्वभाव बदलला नाही. डब्यात बसल्या बसल्या पाठशाळेचे पाठांतर पूर्ण व्हावे, इतकी सवड ती देत असे. आता ती गाडी थांबूनही काही वर्षे झाली आहेत. तिची शिट्टी ऐकून घड्याळ लावणाऱ्या पिढीला तिची उणीव जाणवते.

मुक्तागिरीची वंदना करून खाली उतरले की धर्मशाळेच्या आवारात गोवऱ्यांच्या आहारावर रोडगे लागत. वऱ्हाडात रोडग्यांची जोडी वांग्याच्या भाजीशी. आपण पडलो वांगे वर्ज्य करणारे! शेजारचे मित्र विचारीत, “वांग्यावाचून रोडगे खाता तरी कसे?” त्यांना कोहळ्याची भाजी आणि घट्ट वरण यांचा महिमा एकदा चाखविल्याशिवाय पटत नसे. पटल्यावर मात्र पुढच्या रविवारी ते न बोलावता येत.

या पंगतीतील सनातन वाद सूर्यास्ताचा. सूर्यास्तापूर्वी जेवण आटोपलेच पाहिजे, यात दुमत नव्हते. वाद होता तो सूर्य कधी मावळतो याचा. दरीत उन्हे लवकर जातात. सूर्य डोंगराआड गेला की खाली सावली पसरते. वर मात्र ऊन असते. अशा वेळी ताटात अर्धा रोडगा उरलेला नातू डोंगराकडे बोट दाखवून म्हणे, “आबाजी, पाहा नं, वरच्या देवळाच्या कळसावर ऊन आहेच अजून!” आणि आजोबा शांतपणे म्हणत, “ऊन कळसाले आहे, तुह्या ताटाले नाही.” नातू घाईने घास उचली, आजी डोळ्यांनी आणखी एक घास वाढण्याची परवानगी मागे, आणि आजोबा त्याच वेळी पंचांग काढण्यासाठी पिशवीत हात घालून बराच वेळ काहीतरी शोधत राहात. पंचांग सापडेपर्यंत रोडगा संपलेला असे. व्रताची मर्यादा आणि नातवाची भूक या दोहोंचा मान राखणारी ही युक्ती कोणत्याही श्रावकाचारात लिहिलेली नाही. पण अनेक घरांत ती पाळली गेली.

ओट्यावरील रविवार

भगवान महावीरांचा २५०० वा निर्वाण महोत्सव १९७४-७५ मध्ये देशभर साजरा झाला. पंचरंगी ध्वज आणि जैन प्रतीक याच काळात सर्व संप्रदायांनी स्वीकारले आणि ‘समणसुत्तं’ हा सर्वमान्य ग्रंथही त्याच वेळी सिद्ध झाला. त्या उत्साहातून गावोगावी मंडळे, पाठशाळा आणि न्यास उभे राहिले. अनेक ठिकाणी पाठशाळेसाठी रविवार सकाळ ठरली, कारण मुले त्याच दिवशी सापडत.

रविवारचा अभिषेक म्हणजे मुलांचा अभिषेक. वडिलांचे सोवळे धोतर दुहेरी गुंडाळून, एका हाताने कलश आणि दुसऱ्या हाताने निरी सावरीत उभी असलेली रांग ज्याने पाहिली आहे, त्याला वेगळे वर्णन नको. कलश हलका व्हावा म्हणून पाणी वाटेतच सांडणारे काही हुशार होते. गंधोदक कपाळी लावताना शेजाऱ्याच्या डोळ्यांत जाईल अशी काळजी घेणारेही होते. चोवीस तीर्थंकरांची लांछने म्हणून घेताना गेंडा, रेडा आणि डुक्कर ही ओळीने येणारी तीन नावे मुले विशेष आवाज चढवून म्हणत. गुरुजींना त्याचे कारण ठाऊक होते. तेही एकेकाळी त्याच रांगेत बसलेले असत.

१९८७ च्या २५ जानेवारीपासून या वेळापत्रकावर मोठे संकट आले. दूरदर्शनवर दर रविवारी सकाळी ‘रामायण’ सुरू झाले आणि पाठोपाठ १९८८ च्या ऑक्टोबरपासून १९९० च्या जूनपर्यंत ‘महाभारत’. मोजक्या घरांत संच होते आणि त्या घरांत पादत्राणांचा ढीग लागे. पाठशाळा ओस पडू नये म्हणून वेळ अलीकडे आणावी लागली. पूजेची गती त्या काळात किंचित वाढली होती, हेही प्रामाणिकपणे नोंदविले पाहिजे. एरवी अर्घ्य सावकाश चढविणारे सद्गृहस्थही शांतिपाठ कोठपर्यंत आला, याकडे लक्ष देऊ लागले! पुढे महिला मंडळांनी रविवारी दुपारी ‘धार्मिक हौजी’ काढली. आकड्यांच्या जागी तीर्थंकरांची नावे आणि लांछने. ज्या मुलाला पाठशाळेत दहा तीर्थंकर येत नसत, त्याला बक्षिसाच्या डब्यासाठी चोवीस पाठ झाले. हरिषेणाची युक्ती सहस्रकानंतरही लागू पडली, असेच म्हणावे लागेल.

तिथीनेही आता रविवाराशी तडजोड केली आहे. दशलक्षण पर्व भाद्रपद शुद्ध पंचमी ते चतुर्दशी असेच पार पडते. पण सामूहिक क्षमावाणी आणि स्नेहभोजन पुष्कळ ठिकाणी पुढच्या रविवारी होते. क्षमा तिथीला मागावयाची आणि गळाभेट रविवारी घ्यावयाची. मधल्या काही दिवसांत नवे भांडण होऊ नये, एवढी काळजी घेतली म्हणजे झाले!

ज्यांना रविवार नव्हता

या आनंदाची दुसरी बाजू न लिहिता हा इतिहास पूर्ण होणार नाही. पुरुषांचा आणि मुलांचा रविवार हा घरातील स्त्रियांचा सर्वांत कष्टाचा वार होता. पाणी गाळावयाचे, जिवाणी विहिरीला परत सोडावयाची, गव्हाचे जाडसर पीठ काढावयाचे, सूर्यास्ताच्या आत चूल उरकावयाची आणि सहलीला सर्वांच्या शेवटी गाडीत बसावयाचे. पंगतीत शेवटचा रोडगा ज्यांच्या वाट्यास आला, त्यांच्यासाठी कळसावरील ऊनही बहुधा उरलेले नसे. तसेच दुकानातील नोकर, मळ्यातील मजूर, मंदिरात झाडलोट करणारे हात यांनाही आपल्या सुट्टीच्या दिवशी सुट्टी नव्हती. जुन्या छायाचित्रांत मुनिसंघाचे स्वागत आहे, कलशारोहण आहे, पाहुण्यांचा सत्कार आहे. रांधणाऱ्या माउल्यांचे छायाचित्र मिळणे कठीण. देणगीदारांच्या फलकावर त्यांचे श्रम कोरले गेले नाहीत, कारण श्रमाची पावती फाडण्याची पद्धत नव्हती. सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने ही चूक मान्य करणे हीच आपली क्षमावाणी ठरावी.

आजचा शनिवार-रविवार

२९ फेब्रुवारी २०२० पासून महाराष्ट्र शासनाच्या कार्यालयांना पाच दिवसांचा आठवडा लागू झाला. सुट्टी वाढली आणि एका महिन्याच्या आत टाळेबंदी आली. त्या वर्षीची महावीर जयंती, ६ एप्रिलची, आपण सर्वांनी घरातच साजरी केली. मंदिरे उघडली ती १६ नोव्हेंबरला, दिवाळीच्या पाडव्यास. त्या आठ महिन्यांत सगळेच वार रविवार झाले होते. पण रविवारसारखा एकही वाटला नाही. ओट्यावर कोणी नव्हते. सुट्टी म्हणजे नुसते काम नसणे नव्हे, तर आपली माणसे भेटणे होय, हे त्या काळाने फार कठोरपणे शिकविले.

आज आपली मुले-मुली पुणे, नागपूर, मुंबई, बंगळूर येथे आहेत. त्यांच्या प्रगतीचा सर्वांना अभिमान आहे. ती शनिवारी सकाळी पोहोचतात आणि रविवारी सायंकाळच्या गाडीने परततात. त्यांच्या आईवडिलांचा आठवडा त्या दोन दिवसांभोवती फिरतो. पाठशाळेची रांग आखूड झाली आहे. ज्या ओट्यावर पूर्वी जागा मिळत नसे, तेथे आता चार ज्येष्ठ नागरिक ऊन सरकेल तसे सरकत बसतात. हे चित्र एकट्या आपल्या गावाचे नाही. वऱ्हाडातील अनेक लहान गावांतील समाजाचे ते आहे. इमारत पक्की झाली आणि माणसे पांगली, अशी वेळ आपल्यावर येऊ नये असे वाटत असेल, तर कलशाइतकीच काळजी ओट्याची घ्यावी लागेल.

म्हणून या निमित्ताने एक सूचना विनयपूर्वक मांडतो. संस्थेच्या दप्तरात कीर्द आणि खतावणी यांच्या शेजारी आणखी एक वही असावी. तिला ‘रविवारची वही’ म्हणावे. दर रविवारी अभिषेकास कोण आले, पाठशाळेत किती मुले बसली, कोणाच्या हातचे काय खाल्ले, परगावाहून कोण आले आणि कोणत्या गोष्टीवर सगळे हसले, एवढे चार ओळींत लिहावे. लिहिण्याचे काम पाठशाळेतील मुलांकडे द्यावे आणि स्वयंपाकघरातील नावे वगळली जाणार नाहीत, याकडे महिला मंडळाने लक्ष ठेवावे. या वहीचे लेखापरीक्षण कोणी करणार नाही. मात्र संस्थेच्या शताब्दीची स्मरणिका काढणाऱ्यांना आपण कसे जगलो, हे तीतूनच समजेल.

पहिली नोंद येत्या रविवारी करावी. दिनदर्शिका पाहून घ्यावी. चतुर्दशी असल्यास मुगाची डाळ आणि कढीचा बेत ठेवावा, नसल्यास रोडगे. दोन्ही वेळी सूर्यास्तापूर्वी जमावे, ही विनंती.

जय जिनेंद्र.